वटवट्याचं घरटं आणि कर्नल साइक्स

बरेच दिवस या विषयावर लिहीन लिहीन म्हणत होतो. दर शनिवारी सकाळी चहा घेऊन बसायचो, चार ओळी टाईप करायचो आणि खोडायचो. कारण या लेखात मला एक कबुली द्यायची आहे. आज देऊनच टाकतो.

तर झालं असं. इंजिनिअरिंग झालं, कॅम्पसमधून नोकरी लागली, हिंजवडीची बस सुरू झाली. चार वर्षांत डोळ्यांना चष्मा, कमरेला पट्टा आणि फोनमध्ये झोप मोजणारं अॅप अशी प्रगती झाली. आमच्या टीममधले दोघेतिघे रविवारी पहाटे गळ्यात कॅमेरे अडकवून कुठेतरी गायब व्हायचे आणि सोमवारी ग्रुपवर एकाहून एक फोटो टाकायचे. एका बोनसला मीही मोह आवरला नाही. कॅमेरा बोनसमधून आणि दीडशे-सहाशेची लेन्स हप्त्यावर. वडील एवढंच म्हणाले, "एवढ्या पैशात एक गाय आली असती." (वडिलांचं बालपण भोरजवळच्या गावात गेलंय. त्यांच्या हिशेबात आजही गाय हेच चलन आहे.)

माझं नशीब असं की फोटो काढायला लांब जावं लागत नाही. कात्रजचा बोगदा ओलांडला, खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर सुटे पैसे नसल्याची बोलणी खाण्याचे दिवस फास्टॅगने संपवले, की पुढे चेलाडी फाट्याला उजवीकडे नसरापूर आणि वेल्हे. सरळ गेलं तर कापूरहोळ आणि तिथून भोर. वेल्हे तालुक्याचं नाव आता सरकारदरबारी राजगड झालंय, पण आमच्या घरात अजून "वेल्ह्याला जाऊन येतो" असंच म्हणतात. नसरापूरला बनेश्वराची झाडी आहे, वेल्ह्याच्या वाटेवर राजगड-तोरण्याच्या पायथ्याचे माळ आहेत आणि भोरकडे भाटघर धरणाचं पसरलेलं पाणी. माझ्या आईचं माहेर त्या पाण्याच्या काठाला. म्हणजे राहण्या-जेवण्याची सोय, आणि वर आजी.

पहिलं वर्ष मी फोटो काढत नव्हतो, फोटो जमवत होतो. किती प्रजाती झाल्या, कुठला फोटो अजून मिळाला नाही, कुणाला किती लाईक पडले... ऑफिसमधला सगळा स्कोअरबोर्ड मी शनिवार-रविवारीही सोबत घेऊन फिरत होतो, फक्त जागा बदलली होती.

आणि मग दुसऱ्या वर्षीच्या जुलैमध्ये ते घरटं सापडलं.

आजीच्या घरामागच्या बांधावर घाणेरीचं झुडूप आहे. त्यात दोन-तीन पानं शिवून केलेलं इवलंसं घरटं होतं आणि त्यात विटकरी लाल, चकचकीत, जणू कुणी पॉलिश करून ठेवलेली अंडी. पक्षी चिमणीहूनही बारका. पाठीवर राखी, पोटाशी फिकट तांबूस, शेपूट सदा उभी. उडताना चट् चट् असा बोटं मोडल्यासारखा आवाज करतो. पुस्तकात त्याचं नाव राखी वटवट्या.

पुढचं लिहायला जड जातंय. घरट्याच्या तोंडासमोर एक डहाळी येत होती, त्यामुळे फोकस बसेना. मी ती डहाळी दोऱ्याने मागे ओढून बांधली. प्रकाश छान होता. नर-मादी बराच वेळ लांबच्या काटेरी कुंपणावर बसून ओरडत होते आणि मला वाटत होतं की वा, काय ॲक्शन मिळतेय! तासाभराने दोरा सोडला, पण डहाळी मुळाशी पिचली होती. ती काही परत जागेवर आली नाही.

पुढच्या शनिवारी गेलो तर घरटं रिकामं. शिवण उसवलेली, आत काही नाही. आजीने आठवड्यात दोनदा तिथे भारद्वाज घिरट्या घालताना पाहिला होता. भारद्वाज दिसणं शुभ म्हणतात. कुणासाठी शुभ, ते प्रत्येकाने आपापलं ठरवावं. मी आजीला डहाळीचं सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "आरं, बाळंतिणीच्या खोलीची दारं मोकळी टाकून आलास व्हय?"

एवढंच बोलली. नंतर जेवायलाही वाढलं. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. (अॅपनेही तसंच दाखवलं.)

आता इथे इतिहास सुरू होतो. झोप येत नाही तेव्हा आमच्यासारखे लोक काय करतात? सर्च. मी त्या पक्ष्याबद्दल वाचायला लागलो. शास्त्रीय नाव प्रिनिया सोशियालिस. त्यापुढे कंसात लिहिलेलं, साइक्स, १८३२. त्याच्याच भाऊबंदाचं, साध्या वटवट्याचं नाव प्रिनिया इनॉर्नाटा. पुन्हा साइक्स, १८३२. भाटघरच्या काठावर एका पायावर ध्यान लावून बसणारा वंचक, ज्याला आजी ढोकरी म्हणते, त्याच्याही पुढे साइक्स, १८३२. आजीच्या कौलांवर बसून ओरडणारा डोमकावळा, साइक्स, १८३२. दहा-बाराच्या टोळीने कलकल करत फिरणारा मोठा राखी सातभाई, साइक्स, १८३२. कोडबेसमध्ये प्रत्येक फाईल उघडावी आणि वर एकाच माणसाचं नाव दिसावं, तसं. हा माणूस कोण, असा प्रश्न पडणारच.

विल्यम हेन्री साइक्स. जन्म १७९०. वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षी ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या फौजेत दाखल झालेला पोरगा. १८१७ साली खडकीच्या लढाईत आणि पाठोपाठच्या पुण्याच्या लढाईत तो कंपनीच्या बाजूने होता, नंतर डोंगरी किल्ले घेतानाही होता. म्हणजे आपल्या बाजूने पाहिलं तर पेशवाई बुडवणाऱ्या फौजेतला एक अधिकारी. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे त्याचं कौतुक येणार आहे आणि ते डोळे मिटून केलेलं नाही.

लढाया संपल्या आणि मुलूख हाती आला. आता या मुलुखात आहे तरी काय, किती माणसं, किती गावं, काय पिकतं, पाऊस किती, बाजारभाव काय, हे कंपनीला कळायला हवं होतं. गव्हर्नर एलफिन्स्टनने १८२४ मध्ये साइक्सला त्या कामावर नेमलं. हुद्दा होता स्टॅटिस्टिकल रिपोर्टर. आजच्या भाषेत डेटा कलेक्शन. १८३१ च्या सुरुवातीपर्यंत तो दख्खनमध्ये फिरत होता, नोंदी करत होता. आपला भोरचा आणि वेल्ह्याचा बराच मुलूख तेव्हा पंतसचिवांच्या भोर संस्थानात होता. ते संस्थान थेट १९४८ पर्यंत टिकलं. भाटघरचं आजचं धरण तर तेव्हा नव्हतंच. ते पुरं झालं १९२८ साली. वेळवंडी नदी आपली मोकळी वाहत होती आणि काठावर ढोकऱ्या तेव्हाही बसत असणार.

तर या माणसाची नोकरी आकड्यांची आणि छंद प्राणी-पक्ष्यांचा. तांत्रिक कामातून वेळ काढून पक्ष्यांच्या मागे लागलेला आमच्या भागातला हा जुना गडी. इंग्लंडला परत गेल्यावर १८३२ मध्ये त्याने लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीपुढे दख्खनच्या पक्ष्यांची यादी मांडली. त्यातल्या ५६ पक्ष्यांची शास्त्राला तोवर ओळख नव्हती. छप्पन्न! त्यातली सगळी नावं पुढे टिकली नाहीत, पण टिकली तीही पुष्कळ आहेत. पुढे हाच माणूस लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या संस्थापकांत होता, कंपनीचा चेअरमन झाला, पार्लमेंटात गेला आणि १८७२ मध्ये वारला.

नावांची गंमत पाहा. नदीकाठी हिवाळ्यात शेपटी वरखाली करत पळणारा पांढरा धोबी. त्याची जी जात थंडीत सायबेरियाकडून आपल्याकडे उतरते, तिचं नाव साइक्सने ठेवलं दुखुनेन्सिस. दुखुन म्हणजे दख्खन. जन्माला सायबेरियाकडे आणि आडनाव आमचं! माळावरच्या एका तुरेवाल्या चंडोलाला त्याने नाव दिलं देवा, आणि झुडपातल्या एका बारक्या पक्ष्याला रामा. एका रातव्याचं नाव महरट्टेन्सिस, मराठ्यांचा. (हा रातवा मुख्यतः वायव्येकडच्या कोरड्या मुलखातला, पण नावाने मराठा झाला तो झालाच.) मराठा सुतार नावाचा जो पिवळ्या डोक्याचा सुतारपक्षी आहे, त्याचं महरट्टेन्सिस मात्र साइक्सच्या आधीचं, १८०१ मधलं. ते लॅथम नावाच्या माणसाने ठेवलं, जो हिंदुस्थानात कधी आलाच नाही. आणि सातभाईला कुणाचं नाव? माल्कमी. म्हणजे मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम. मॅनेजरला खूष ठेवायची पद्धत दोनशे वर्षांपूर्वीही होती तर!

जंगली कुत्र्याच्या नोंदीत तर त्याने आपला मराठी शब्द, कोळसुन, तसाच लिहून घेतला. पुढे १८३९ च्या सुमारास दख्खनच्या माशांवर लिहिलं, तेव्हा थेट लोकांची नावंच शास्त्रीय नावांत घातली. खुद्री, कोलुस, नुक्ता, फुलुंगी. नदीकाठच्या कुणा माणसाने टोपलीतला मासा दाखवून सांगितलेला शब्द आज जगभरच्या पुस्तकांत लॅटिन म्हणून छापला जातो. त्या माणसाचं नाव मात्र कुठे नाही.

इथवर वाचून मी खूष होतो. मग एक गोष्ट डोक्यात आली आणि खुशी उतरली. ही यादी त्याने केली कशी? बंदुकीने. पक्षी पाडायचा, मोजायचा, डोळ्याचा रंग लिहायचा, पोट फाडून काय खाल्लं होतं ते पाहायचं, नमुना जपून ठेवायचा. त्याच्या नोंदींमध्ये पोटात सापडलेल्या किड्यांचे आणि दाण्यांचे उल्लेख आहेत. माझ्यातल्या पर्यावरणप्रेमी माणसाला लगेच राग आला. पण माझ्यातला दुसरा माणूस हळूच म्हणाला, तू काय वेगळं केलंस? त्याने गोळी घातली, तू डहाळी बांधली. त्याच्याकडे निदान दुसरा उपाय नव्हता.

खरंच नव्हता. १८३२ मध्ये कॅमेरा बाजारात नव्हताच. डागेरची फोटो काढायची पद्धत जाहीर झाली १८३९ मध्ये, आणि तिलाही समोरचा माणूस मिनिटभर पुतळ्यासारखा बसावा लागे. वटवट्या मिनिटभर बसेल? आजची दुर्बीणसुद्धा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला आली. पक्ष्यांचे खरे फोटो म्हणाल तर इंग्लंडमधल्या रिचर्ड आणि चेरी कर्टन या भावांनी १८९२ मध्ये एका घरट्याचा आणि अंड्यांचा फोटो काढला, तिथून मोजतात. १८९५ मध्ये त्यांचं फोटोंनी सजलेलं घरट्यांचं पुस्तक आलं. हे दोघे पक्ष्यांना बुजवू नये म्हणून पेंढा भरलेल्या पोकळ बैलाच्या आत कॅमेरा घेऊन बसायचे! आपल्याकडे असा बैल घेऊन कुणी बांधावर गेलं तर पोळ्याचीच मिरवणूक निघेल. पण त्यांचा मुद्दा लक्षात घ्या. पक्ष्याला हलवायचं नाही, आपणच लपायचं.

आपल्याकडे बंदूक बरीच वर्षं हातात राहिली. सालिम अलींची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. लहानपणी एअरगनने पाडलेली पिवळ्या गळ्याची चिमणी १९०८ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत घेऊन गेले आणि पुढचं आयुष्य बदललं. पण पुढेही सर्वेक्षणांत नमुन्यांसाठी ते बंदूक वापरतच होते. ते त्या काळाचं हत्यार होतं. मग १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. मी तो उघडून वाचला (इंजिनिअरची खोड, मॅन्युअल वाचल्याशिवाय चैन पडत नाही). त्यात शिकार या शब्दाची व्याख्या आहे. मारणं, पकडणं, सापळा लावणं हे तर आहेच. पण पुढे असंही आहे की पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना त्रास देणं हीसुद्धा शिकारच.

ती ओळ मी तीनदा वाचली. पोटात खड्डा पडला. माझ्या हातात लेन्स होती आणि कायद्याच्या डिक्शनरीत मी शिकारी होतो.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. साइक्सच्या हातून पक्षी गेला, माझ्याही हातून गेला. फरक काय राहिला? त्याच्याकडे वही होती. त्याच्या नोंदींवर आज जवळपास दोनशे वर्षांनी कुणीतरी काम करू शकतं. आणि माझ्याकडे? मी हार्डडिस्क उघडली. दोन वर्षांत साडेचौदा हजार फोटो. फोल्डरची नावं 'भोर', 'भोर नवीन', 'भोर फायनल', 'भोर फायनल दोन'. ठीक आहे म्हटलं, तारीख तर फोटोच्या आत असतेच. पाहिलं तर सगळे फोटो एकाच विचित्र काळातले. कॅमेऱ्याचं घड्याळ मी पहिल्या दिवशी लावलंच नव्हतं. बॅटरी पूर्ण उतरली की ते पुन्हा मूळपदावर जायचं. ऑफिसमध्ये सर्व्हरच्या लॉगमध्ये दोन सेकंदांचा फरक पडला तर मी ज्युनिअरला झापतो. आणि माझ्या स्वतःच्या छंदाच्या लॉगमध्ये वर्षंच्या वर्षं चुकलेली. जागा लिहिलेली नाही, वेळ नाही, किती पक्षी होते ते नाही. साडेचौदा हजार सुंदर, निरुपयोगी चित्रं. त्या वटवट्याचे त्रेसष्ट होते.

पुढच्या खेपेला लॅपटॉप घेऊन आजीकडे गेलो. म्हटलं, हिच्या आठवणीतून काही तारखा लागतात का पाहू. आजीला तारखा येत नाहीत, पण तिच्याकडे दुसरं कॅलेंडर आहे. पावशाचा फोटो दाखवला तर म्हणाली, "ह्यो रोहिणीच्या पेऱ्याला. 'पेरते व्हा' वरडतोय तवा मामा तुझा रोपवाट्याची तयारी करत व्हता." धोब्याचा फोटो? "घट बसल्यावर. त्याआधी न्हाई येत त्यो." एका बदकांच्या थव्याच्या फोटोवर ती बराच वेळ थांबली. "हे पानी उतरलं तवाचं. मागं बघ, जुन्या गावाचा वटा दिसतुया." मी झूम केलं. खरंच, पाण्याबाहेर दगडी चौथऱ्याची एक ओळ दिसत होती. मला दोन वर्षं बदकंच दिसत होती. त्या संध्याकाळी तिने चारशेच्या आसपास फोटो महिन्याला बसवून दिले. शंका असेल तिथे सरळ "ठावं न्हाई" म्हणाली. डेटाच्या कामात हे दोन शब्द किती मोलाचे आहेत ते कुणाही टेस्टरला विचारा.

मारुती चितमपल्लींनी आयुष्यभर हेच केलं ना. वनखात्यात नोकरी, आणि रानातल्या माणसांकडून ऐकलेली नावं, सवयी वहीत उतरवायच्या. त्यातूनच पक्षीकोशासारखं काम उभं राहिलं. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले तेव्हा आमच्या ग्रुपवर श्रद्धांजलीचे फोटो पडले. वही किती जणांनी सुरू केली, मला माहीत नाही. मी केली.

आता वहीसोबत ई-बर्डवरही नोंद करतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेने २००२ मध्ये सुरू केलेली ही सोय आहे. ती तुम्हाला काय विचारते? कुठे होता, किती वाजता सुरू केलंत, किती वेळ, किती चाललात, कोणते पक्षी, किती. फोटो असला तर ठीक, नसला तरी चालतो. पहिल्यांदा भरताना हसू आलं. साइक्सचाच फॉर्म, फक्त बंदूक वगळून. २०२३ मध्ये देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल आला, तो ३० हजारांहून जास्त पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे ३ कोटी नोंदींवर उभा आहे. ९४२ प्रजातींचा आढावा त्यात आहे आणि १७८ प्रजातींना जपण्याची तातडी सर्वात जास्त आहे असं त्यात म्हटलंय. हे तीस हजार कोण? तुमच्या-आमच्यासारखेच. शिक्षक, डॉक्टर, बँकवाले, आणि कमरेला पट्टा लावलेले आयटीवाले. कंपनी सरकारला एक पगारी साइक्स लागला होता. आता बिनपगारी तीस हजार आहेत.

म्हणून कॅमेरा विकला का? नाही हो. हप्ते संपायचे होते अजून. शिवाय चांगला फोटो ही नोंदच असते, पिसांचा रंग, पायातलं कडं, चोचीतला किडा सगळं त्यात येतं. फक्त माझे तीन नियम झाले. घरट्याचा फोटो नाही, अगदी समोर दिसलं तरी. पक्षी माझ्यामुळे ओरडायला लागला की मागे फिरायचं, त्याला ॲक्शन म्हणायचं नाही. आणि घरी येऊन आधी वही, मग फोटो. तिसरा नियम पाळणं सगळ्यात अवघड आहे, खोटं कशाला सांगू.

घाणेरीच्या त्या झुडपात गेल्या वर्षी पुन्हा वटवट्या दिसला. तीच जोडी की दुसरी, सांगता येत नाही. मी बांधाच्या अलीकडे, गोठ्याच्या दाराशी बसून दुर्बिणीने पाहिलं. वहीत लिहिलं: राखी वटवट्या, २, चोचीत कापूस, सकाळी ७.१०, पाऊस थांबलेला. आजीने विचारलं, "फटू न्हाई काढला?" म्हटलं नाही. ती काही बोलली नाही, चहाचा कप पुढे सरकवला.

असो. या रविवारी पुन्हा भाटघरला जातोय. घट बसून चार दिवस झालेत. दुखुनेन्सिस आला असेल तर सांगतो.